व्हायोलावर आईचं गाणं

परदेशातल्या आमच्या वसतिगृहात शेजारच्या खोलीतली मेई व्हायोला वाजवते. तिची आई चहाची पानं खुडताना गायची, ते चिनी लोकगीत तिने पाश्चात्त्य पद्धतीने, एकेक सूर नेमका टिपत लिहून काढलं. काल तिने ते फोनवरून आपल्या आईला वाजवून ऐकवलं. “छान आहे,” आई म्हणाली, “पण कुणाचं गं हे गाणं?” मला हे सांगताना मेई हसली आणि मग खिडकीकडे बघत राहिली.

आज भिंतीपलीकडून वेगळंच ऐकू येतंय. आपल्याकडे मींड घेतात तशी ती एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातेय, पुन्हा पुन्हा. कागदावर नेमकं तेवढंच उतरलं नव्हतं.

मीही आईची आमटी वहीत बघून करते, मापं तंतोतंत. खायला मी एकटीच असते. त्यामुळे कुणी विचारत नाही, कुणाची गं ही?