फंक्शनच्या वरच्या चार ओळी

नरेशदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेण स्टँडवर जोह्याच्या एसटीत बसले होते. बाबांचा आवाज नेहमीसारखाच होता. "नरेश गेला गो. रोह्याला, घरीच. शिफ्टवरून आला, चहा मागितला नि बसल्या जागी..." मी "बरं" म्हणाले. असं कसं म्हणाले, ते दीड महिना झाला तरी कळत नाही.

दादा माझा आतेभाऊ. रोह्याला एका कंपनीत कामाला होता, आणि सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे जोह्याला यायचा. बाबा ज्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतात, तिथल्या ऑर्डरींसाठी त्यानं एक प्रोग्राम लिहिला होता. कुठली मूर्ती, किती उंच, कुठे जाणार, असा. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कॉम्प्युटरला प्रवेश घेतल्यावर दादानं तो प्रोग्राम माझ्यापुढे ठेवला. त्यात प्रत्येक फंक्शनच्या, म्हणजे कामाच्या एकेका तुकड्याच्या वर, मराठीत चार ओळी होत्या. हे काय करतं, काय घेतं, काय देतं, आणि शेवटचा बदल कोणी व का केला. क्रम ठरलेला, सगळ्या ओळी एका रेषेत. अशा ओळी कॉम्प्युटर वाचत नाही, सोडून देतो. मग कशाला एवढं, असं मी विचारलं. "त्याच्यासाठी नाय गो. उद्या दुसऱ्या कुणी उघडलं तर त्याला कळाया नको?" एकदा मी चौथी ओळ गाळली, तर म्हणाला, "सही कोण करील, तुझा मास्तर?"

गेल्या वर्षी रंगकामवाल्यांना पाट सोडून नुसत्या मूर्तीची उंची हवी होती. मी उंची काढणाऱ्या फंक्शनमध्ये तेवढा बदल केला आणि परीक्षेच्या अभ्यासाला लागले. वरची ओळ तशीच राहिली, 'पाटासकट उंची देतं.' दादानं त्या ओळीवर विसंबून परदेशी जाणाऱ्या मूर्तींच्या लाकडी खोक्यांची मापं काढली. खोकी आली, पहिली मूर्ती आत ठेवली, तर मुकुट दोन बोटं वर. बाबा आणि आणखी दोघं चार दिवस खोकी उसकटून पुन्हा ठोकत बसले. कारखान्याचे शेठ विचारायला आले तेव्हा मी तोंड उघडणार, तोच दादा म्हणाला, "माझ्याकडून राहिलं." बाबा चिडले होते. "तू रोह्यात बसून बटणं दाबायची, नि हातोडी आम्ही मारायची, व्हय?" दादा नुसता हसला आणि खिळे द्यायला त्यांच्याजवळ बसला. मी गप्प राहिले. नंतर सांगू, परीक्षा झाल्यावर सांगू... असं करत वर्ष गेलं.

आता हंगाम तोंडावर आला आहे आणि प्रोग्राम माझ्याकडे. कॉलेजातून आल्यावर तो उघडायचा, हेच हल्ली जड जातं. मागच्या आठवड्यात ते फंक्शन समोर आलं. दादानं तिसरी ओळ दुरुस्त केली होती. चौथीत लिहिलं होतं, 'बदल नरेशने केला. वरची ओळ बदलायला विसरला, खोकी चुकली.' हे असंच ठेवलं असतं तर कुणालाही कळलं नसतं, आणि न केलेली चूक कायम त्याच्या नावावर राहिली असती. मी त्याचं नाव काढून माझं लिहिलं.

दादाची एक सवय होती. ओळी लिहून झाल्या की बाबांना वाचून दाखवायचा. त्यांना समजल्या तर ठेवायच्या, नाहीतर पुन्हा लिहायच्या. त्या संध्याकाळी बाबा ओटीवर बसून हातांचा रंग काढत होते. मी लॅपटॉप घेऊन शेजारी बसले आणि चारही ओळी वाचल्या. चौथीला अडखळले, पण वाचली.

"परत वाच," बाबा म्हणाले.

परत वाचली. बाबांच्या बोटांवरचा रंग निघून गेला होता, तरी फडका फिरतच होता. मग म्हणाले, "तुझ्या आत्याला पण फोन करून बोललेलो मी. 'तुझ्या पोराला एक माप घेता येत नाय' म्हणून..."

फडका ठेवून ते उठले. "रविवारी रोह्याला जाऊ. हे घे सोबत. तिलाही असंच वाचून दाखव."