पोखर्णीला मारलेली हाक

परभणीला कॉलेजात आले तेव्हा वाटलं होतं, आता माणसांत चालले आहे. पण दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर माझी अवस्था अशी झाली, की दुकानात काही मागितलं तर तेवढेच शब्द दिवसभरात तोंडातून निघत. खोलीतली मैत्रीण लग्न ठरलं म्हणून निघून गेली होती. वर्गातल्या मुली वाईट नव्हत्या, पण माझ्यासाठी कोणी जागा धरत नव्हतं. आईबाबा सोनपेठकडच्या आमच्या गावाहून ऊसतोडीला गेलेले. फोनवर आई विचारायची, "बरी हाईस ना?" मी हो म्हणायचे. फडात उभं राहून बोलणाऱ्या बाईला आणखी काय सांगणार? शेवटी शिक्षण सोडून तिच्याकडेच जायचं, मोळ्या बांधायच्या, असं मी मनाशी ठरवलं.

देवावर माझा राग होता असंही नाही. रागावण्याइतकं नातंच उरलं नव्हतं. तरी आईची श्रद्धा म्हणून, जाण्याआधी पोखर्णीच्या नरसिंहाचं दर्शन घ्यावं, म्हणून शनिवारी सकाळी एसटीत बसले.

देवळाबाहेर चपला काढत होते, तेवढ्यात झाडाखालून एका म्हाताऱ्या बाईनं डोळे बारीक करून बघत हाक मारली. "किती उशीर केलास माय? ये, बस लवकर. लोकं जेवायचे खोळंबलेत." पुढ्यात ज्वारीच्या पिठाची परात, बाजूला पेटलेल्या चुली. ती दुसऱ्याच कोणाची तरी वाट पाहत होती. तसं सांगायला तोंड उघडलं, पण कित्येक महिन्यांत कोणी माझी वाट पाहिली नव्हती. मी गुपचूप बसले आणि पीठ मळायला घेतलं.

बायका पेडगावच्या होत्या, कोणाच्या तरी नवसाचं जेवण होतं. कोणाची सून कशी, कोणाची म्हैस कधी विणार, असं बोलणं चाललेलं. मला विचारतील तसं मीही सांगत गेले. मध्येच एकीनं विचारलं, "आई कुठं असती?" आणि मला रडूच आलं. कोणी समजूत घातली नाही. म्हातारी एवढंच म्हणाली, "रड, पण भाकर करपायली, उलट."

सगळ्यांची जेवणं उरकल्यावर मी कबूल केलं, "आजी, तुम्ही बोलावलेली मुलगी मी नाही."

"पहिल्याच भाकरीला कळलं मला. ती लय जाड थापती."

"मग बोलला का नाहीत?"

"मी देवाला एक मागितली, त्यानं दुसरी धाडली. माघारी लावू का?" मग म्हणाली, "पुढच्या शनिवारी बी एक नवसाचं जेवण हाय. येशील ना?"

दर्शनाला गेले तेव्हा गाभाऱ्यात गर्दी नव्हती. मागायचं काय ते सुचलं नाही. पिठाळलेले हात जोडून नुसती उभी राहिले, आणि बरं वाटलं.

शिक्षण सोडलं नाही. एकटेपण एका दिवसात गेलं असंही नाही. अजूनही कधीकधी येतं. पण त्या संध्याकाळी मी आईला पहिल्यांदा खरं सांगितलं, की मला इथं करमत नाही. आणि पुढच्या शुक्रवारी शेजारच्या खोलीचं दार वाजवलं. तिथली मुलगीही माझ्यासारखीच गप्प असायची. "उद्या पोखर्णीला येतेस का? भाकरी करायच्या आहेत." ती म्हणाली, "मला येत नाहीत."

मी म्हटलं, "चल तर खरं."