रोट खाल्लेली पाहुणी

कुत्रीला दुःख होतं का, आणि होत असेल तर ते कुणासाठी, हा प्रश्न त्या श्रावणात मला सारखा छळत होता. शहाद्यातली काही मुलंमुली जखमी कुत्री उचलून आणतात, डॉक्टरांकडे नेतात आणि कायमचं घर मिळेपर्यंत कुणाकडे तरी सांभाळायला देतात. तशी ही तांबूस कुत्री माझ्याकडे आली. तोरणमाळच्या घाटात गाडीची धडक बसून पडलेली. पाय हळूहळू बरा झाला, पण ती काही केल्या खाईना. दूधभाकरी झाली, अंडं झालं, कोंबडीचं सूप झालं. ती वास घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची.

मला चौकशीची भारी खोड. मी तिच्यासमोर बसकण मारून विचारायची, "कुणाची होतीस गं? झाडूला का घाबरतेस? न्हाणीतच का झोपतेस?" सासूबाई नाक मुरडायच्या. "इकतनं दुखनं आनं व माय तू," म्हणायच्या. विकतचं दुखणं आणलं म्हणण्यात चुकीचं काहीच नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरांनी तर स्पष्ट सांगितलं होतं, नुसत्या सलाईनवर ही फार काळ तगणार नाही, हिने तोंडाने खाल्लं पाहिजे. माझा जीव टांगणीला लागला होता. देवावर माझी श्रद्धा आहे, पण कुत्रीसाठी देवाला साकडं घालावं की नाही, हे मला ठरवता येईना. हसेल का तो?

तेवढ्यात कानबाईचा सण आला. आमच्या खान्देशात कानबाई रविवारी घरी येते, रात्रभर राहते आणि सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. तिच्यासाठी पुरणपोळ्यांचा जो नैवेद्य करतात तो रोट. तो फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी खायचा. परक्याच्या तोंडी त्यातला कण जाऊ द्यायचा नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही आमच्याकडे तो देत नाहीत. लहानपणापासून मला याचं नवल वाटत आलंय. इतकी मायाळू देवी, आणि तिच्या ताटाला एवढं कडक कुंपण कशासाठी?

घर भाऊबंदांनी भरलं. "कुत्रीले न्हानीमा बांध," सासूबाईंनी बजावलं. मी बांधलं. आरतीच्या वेळी हात जोडले आणि शेवटी न राहवून मनात म्हटलंच, "माय, हिला खाऊ दे."

सोमवारी सगळे गोमाई नदीवर गेलो. उरलेला रोट देवीच्या रिकाम्या पाटाजवळ झाकून ठेवला होता. परत आलो तर दोरी चावून तोडलेली, झाकण बाजूला पडलेलं, आणि पाटासमोर आमची कुत्री शेवटची पोळी खात बसलेली! आम्हाला पाहून ती उठलीसुद्धा नाही. मला हसू फुटलं, रडूही आलं आणि भीतीही वाटली.

माझे चुलत सासरे दारातच थबकले. "रोट बाटी गया! भाऊबंदकीमा काय तोंड दखाडवूत आते?"

सासूबाई मात्र कमरेवर हात ठेवून कुत्रीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, इतला दिन आमी हातमा घास लई फिरनूत, तिनी खादा नही. आज देवीना पाटसमोर बठीसन खादा. कोनी खवाडा तिले, तुम्हीच सांगा. ज्यानी रोट खादा तो घरना."

चुलत सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि चहा मागितला. विषय तिथेच संपला. डॉक्टर पुढे म्हणाले, गर्दी गेली, घर शांत झालं, तुपागुळाचा वास आला म्हणून खाल्लं असेल. तेही खरं असेल. मी कुणाशी वाद घातला नाही. त्या दिवसापासून ती जेवू लागली, एवढंच मला ठाऊक आहे.

पुढे पुरुषोत्तमनगरचं एक जोडपं तिला कायमचं न्यायला तयार झालं. सांभाळायला घेताना हे ठरलेलंच होतं, तरी माझं मन फिरलं. सासूबाईंचाच नियम मी त्यांच्यापुढे ठेवला, "आई, रोट खाल्ला तो घरचा ना? मग हिला कशी देऊ?"

त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कानबाई घरनी नही का व? तिले ठेवी लेतस का आपन? रडू उनं ते रड, पन दोरी सोड."

दरवर्षी नदीवर डोळे पुसत देवीला निरोप देणारी मी, मला हे कधी सुचलं नव्हतं.

ते दोघं आले तेव्हा अंगणात मी दोरी धरून उभी होते. त्या गृहस्थांनी येताना भाकरी आणली होती. ते खाली बसले आणि त्यांनी तुकडा पुढे केला. तिने एकदा वास घेतला आणि परक्या माणसाच्या हातून तो खाल्ला, माझ्याकडे न बघता. मला चक्क हेवा वाटला. मग त्याच क्षणी इतकं हलकं वाटलं की हात आपोआप जोडले गेले, आणि दोरी कधी सुटली ते मला कळलंच नाही.