चित्राच्या कडेला

आईला टेबलावर झोपवलं तेव्हाच मी दम दिला होता, "हात बाजूला ठेव. अजिबात हलायचं नाई." चंद्रपुरात एमआरआय काढायचं काम मी रोजच करते, पण त्या दिवशी टेबलावर माझीच आई होती. आधी एकदा तिच्या छातीतली कॅन्सरची गाठ काढलेली, आणि आता मूल गावाहून ती कंबर धरूनच आली होती. रोग मणक्यात तर उतरला नाही ना, एवढंच बघायचं होतं.

तिला उताणं फार वेळ निजवत नव्हतं. म्हणून मी चित्राची चौकट लहान घेतली, मणक्यापुरती. स्कॅन लवकर आटोपतो. पण यात एक खोट आहे. चौकटीबाहेरचं अंग दुमडून चित्रात शिरतं आणि कॉम्प्युटरला ते उलगडावं लागतं. त्याच्या आमच्याकडे दोन पद्धती. पहिली आधी अंगाचा नकाशा घेते आणि त्याच्या भरवशावर उलगडते. दुसरी चालू स्कॅनमधूनच शिकते.

पहिल्या पद्धतीचं चित्र आलं. मणक्याच्या मधोमध डाग! काचेपलीकडं आई निजलेली, आणि मला धड रडताही येईना.

मग तोच स्कॅन दुसऱ्या पद्धतीनं उलगडून पाहिला. मणका साफ. डाग चित्राच्या कडेला गेला होता, आणि निरखून पाहिलं तर ती बोटं होती. नकाशा घेताना हात बाजूलाच होते. मोठा आवाज सुरू झाल्यावर आईसाहेबांनी ते पोटावर जोडले होते. नकाशात नसलेले हात पहिल्या पद्धतीनं खुशाल मणक्यात नेऊन टाकले. रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टर मॅडमनी दोन्ही चित्रं शेजारी लावली आणि म्हणाल्या, "मणक्यातली चकती झिजली आहे. बाकी काही नाही."

मी आत गेले ती तणतणतच. "हात काऊन हलवले वं? जीव गेला असता माहा!"

"बुद्धवंदना म्हणून राह्यली होती, माय," आई म्हणाली.

"एवढं भेव वाटलं मशीनीचं?"

"मले काऊन भेव वाटन?" पदर सारखा करत ती म्हणाली. "आत जाता जाता काचेतून तुहं भेलेलं तोंड दिसलं. तुह्यासाठी म्हणत होती."