वरचं प्लॅस्टिक काढायचं नाही

आमच्या समोरच्या फ्लॅटमधला डॅरिल तुस्कानो मूळचा वसईचा, आता आमच्यासारखाच आखातात. नोकरी हमरिया फ्री झोनमध्ये, घर करामा भागात, आणि जीव प्लॅस्टिकच्या वेष्टनात. त्याच्या घरात कुठल्याही वस्तूवरचं प्लॅस्टिक काढत नाहीत. मायक्रोवेव्हच्या दारावर नऊ वर्षांपूर्वीची फिल्म अजून तशीच आहे. आत भात आहे की धुकं, बाहेरून कळत नाही. टीव्हीचा रिमोट पिशवीत आणि पिशवीला रबरबँड. मे महिन्यात त्यांच्या सोफ्यावर हाफ पँट घालून बसू नये, उठताना कातडी सोफ्यालाच राहते. मी एकदा म्हटलं, "अरे, काढ की आता ते." तो म्हणाला, "मुरली, वस्तू नवी राहते." मी विचारलं, "कोणासाठी?" यावर त्याने मला चहा दिला.

अशा माणसाने एप्रिलमध्ये नवी पांढरी गाडी घेतली, आणि त्याच आठवड्यात त्याची बायको सुझी ड्रायव्हिंगच्या टेस्टला पास झाली. सहाव्या प्रयत्नात. पाच वेळा नापास झाली तेव्हा डोळ्यांत पाणी नव्हतं. पास झाली त्या दिवशी मात्र जिन्यात बसून रडली. मग स्वतःच केक करून मजलाभर वाटला. तिला एकच हवं होतं. रविवारी स्वतः गाडी चालवत चर्चला जायचं. चर्च पायी वीस मिनिटांवर आहे, पण मुद्दा तो नव्हता.

बायकोला तोंडावर नाही म्हणायची डॅरिलची छाती नाही. तो म्हणाला, "आधी फिल्म लागू दे." गाडीच्या रंगावर वाळू-खड्यांचे ओरखडे पडू नयेत म्हणून पारदर्शक फिल्म चिकटवतात, ती. "फिल्म लागली की चावी तुझी. पण पहिला स्क्रॅच पडला की चावी परत माझ्याकडे. मग खलास."

"चालेल," सुझी म्हणाली. मला तिचा राग आला. हे कसलं चालेल?

दुकानवाल्याने नऊ हजार दिरहम सांगितले. "दोन लाखांच्या वर झाले रे!" म्हणत डॅरिलने ऑनलाइन फिल्म मागवली आणि स्वतःच लावायचं ठरवलं. त्यासाठी त्याने तीन आठवडे व्हिडिओ बघितले. वहीत टिपणं काढली. तीन रविवार सुझी पर्समध्ये लायसन्स घेऊन चालत चर्चला गेली आणि चालत परत आली.

शेवटी एका शनिवारी भल्या पहाटे, ऊन चढायच्या आत, आम्ही बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये जमलो. मी बाटलीने फवारा मारणार, डॅरिल फिल्म लावणार. पाण्यात बेबी शाम्पूचे थेंब टाकायचे, म्हणजे फिल्म घसरते आणि नीट बसवता येते. डॅरिलने थेंब न मोजता अर्धी बाटली ओतली. बॉनेटवर इतका फेस झाला की गाडी कुठे संपते ते दिसेना, आणि फिल्मचा एक तुकडा घसरत घसरत सरळ माझ्या पोटावर येऊन चिकटला. तो निघाला, शर्टाचं बटण घेऊन.

"सरका दोघं," सुझी म्हणाली. तिने घरातून केकवरचं आयसिंग सारखं करायची पट्टी आणली आणि बॉनेटच्या मधोमधून कडेला, एकसारख्या हाताने, सगळं पाणी बाहेर काढलं. एक बुडबुडा राहिला नाही. बंपरही तिनेच केला. डॅरिल वहीतून सूचना वाचत राहिला, तिने एकही ऐकली नाही.

शेवटची सूचना मात्र त्याने मोठ्याने वाचली नाही. ती मी वाचली: फिल्म बसली की तिच्यावरचं पातळ प्लॅस्टिक सोलून टाकायचं.

"ते काढायचं नाही," डॅरिल म्हणाला.

"अरे, ते नुसतं पॅकिंग आहे!"

"फिल्मला स्क्रॅच पडले तर? असू दे, फिल्मला प्रोटेक्शन."

माझी मुलगी अस्मी खाली आली होती. त्या दुधाळ, मळकट गाडीकडे बघून म्हणाली, "अंकल, इट लुक्स लाइक अ लंचबॉक्स." डॅरिलला ते कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. अस्मी आणि मी बघायला खाली गेलो. सुझीने नवा ड्रेस घातला होता. ती चालकाच्या सीटवर, डॅरिल शेजारी, दोन्ही हातांनी दारावरचं हँडल धरून. गाडी मागे घेतली, छान घेतली. वळवली. "लेफ्ट, लेफ्ट, अगं सुझी, यल्ला, लवकर ब्रेक!" असं डॅरिल ओरडला, ती दचकली, आणि बंपरचा कोपरा कचऱ्याच्या मोठ्या पेटीला घासला. कर्रर्र.

सुझीने गाडी बंद केली, दोघं उतरली. कोपऱ्यावर वीतभर ओरखडा होता. सुझीने चावी त्याच्यापुढे धरली आणि त्याने ती घेतली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हायसं वाटलेलं स्पष्ट दिसत होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

सुझी खाली बसली. तिने ओरखड्यावरून अंगठा फिरवला, तसं प्लॅस्टिकचं टोक उचललं गेलं. तिने ते चिमटीत धरून ओढलं. टर्रर्र. प्लॅस्टिक निघालं आणि त्याच्याबरोबर ओरखडाही. खाली फिल्म लखलखीत होती. मग ती थांबलीच नाही. बंपर झाला, बॉनेट झालं. डॅरिल "नको, नको" म्हणत मागे मागे धावत होता आणि सोललेलं प्लॅस्टिक गोळा करत होता.

"ओह माय गॉड, इट्स अ रिअल कार," अस्मी म्हणाली.

"डॅरिल," सुझीने विचारलं, "स्क्रॅच कशावर पडला?"

"प्लॅस्टिकवर."

"आणि फिल्मवर?"

तो गुडघ्यांवर बसला, चष्मा लावून बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "नाही," तो बारीक आवाजात म्हणाला.

"मग चावी."

त्याने दिली. या खेपेला मागच्या सीटवर बसला, तोंड बंद ठेवून, मांडीवर ते सगळं प्लॅस्टिक घडी करून. गाडी गेटबाहेर पडली तेव्हा मी रस्त्यात उभा राहून टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी समोरच्या घरातून पुन्हा तोच आवाज आला. टर्रर्र. जाऊन बघतो तर सुझी मायक्रोवेव्हसमोर उभी होती आणि डॅरिल सोफ्यावर डोळे गच्च मिटून बसला होता. आत दिवा लागतो, हे त्यांना नऊ वर्षांनी कळलं.