काविळीची माळ आणि आफ्रिकेचा सिंह

आफ्रिकेतल्या सिंहाबद्दल काही विचारायचं असलं की अख्खं पाटोदा अजूनही माझ्याकडे येतं, आणि मी आफ्रिकेला कधी गेलेले नाही.

तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. म्हणजे आलेली अक्कल परत जायचं वय. (माझी आलीच नव्हती, त्यामुळे जाण्याचा प्रश्न नव्हता.) आमच्या ह्यांचं, म्हणजे गावाच्या आप्पांचं, बाजारपेठेत कापडाचं दुकान. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण दुकान बंद ठेवून हा माणूस मला घेऊन कुठं गेला असेल तर शपथ! लग्नानंतर एकदा हौसेनं गेवराईला नेलं, आणि तिथं एका दुकानात मला स्टुलावर बसवून तीन तास मांजरपाटाचे तागे उलगडून बघितले. मी जांभया दिल्या, तर म्हणतात कसे, "बघ, बघ, पोत बघ!"

अशा माणसानं एका रविवारी टीव्हीवर झेब्रा पाहिला आणि हातातला चहा तसाच राहिला.

"अगं, हिकडं ये! एका झेब्र्याचा पट्टा दुसऱ्याला जुळत न्हाई म्हणं! एवढ्या कळपात एक डिझाइन दुसऱ्यांदा न्हाई! हे जवळून बघाय पायजे."

"मग जा की."

"एकटा कावून जाऊ? कापडाची पारख मला हाय, जनावरांची तुला. तू पायजेस संगं."

मी शेतकऱ्याची लेक, जनावरांत वाढलेली, हे खरं. पण 'तू पायजेस' हे वाक्य मी तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते! हा माणूस आठ दिवस शटर ओढून माझ्यासोबत निघणार होता. ही सफर फिसकटली तर ते शटर पुन्हा माझ्यासाठी खाली यायचं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि एवढं ठाऊक असून मी काय केलं, ते ऐका.

पुण्याच्या आमच्या लेकीनं, नंदानं, केनियाच्या सहलीत आमची नावं घातली आणि सूचनांचा कागद धाडला. भडक रंग नकोत, जनावरं बुजतात. काळा-निळा नको, माशा चावतात. मातकट रंग चालेल. ह्यांनी ताबडतोब दुकानातला खाकीचा उरलेला तागा काढला. ह्यांना सफारी, मला काठ लावून साडी, आणि उरलेल्यात दुर्बिणीची पिशवी. मी साडी नेसून आरशापुढं उभी राहिले, तर समोर होमगार्डची जमादारीण! मला आवडली.

धपाटे किती, शेंगदाण्याची चटणी किती, सिंह दिसल्यावर ओरडायचं की नाही (नाही), हत्तीला हात जोडले तर चालतील का (चालतील, पण गाडीतून), सगळं ठरलं. मग कागदाच्या मागच्या बाजूला एक ओळ सापडली. पिवळ्या तापाची लस.

आता खरं सांगते. मला सुईची भीती वाटते. शिवायच्या नाही, टोचायच्या. कंपाउंडर नुसता समोरून गेला तरी माझा दंड दुखायचा.

लस पुण्याच्या सरकारी दवाखान्यात मिळायची. हे आधी आत गेले. माझं नाव पुकारलं तेव्हा मी आवारातल्या कडुनिंबाच्या मागे उभी होते. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा मी फाटकाबाहेर उसाचा रस पीत होते.

हे दंड चोळत आले. "झालं का तुझं?"

"कवाच!"

"आन् कार्ड? मला पिवळं कार्ड दिलंय."

"बायकांचं पोस्टानं येतंय."

सुतातला एक चुकलेला धागा पकडणारा हा माणूस! बायकोची थाप मात्र न उलगडता तशीच घडी घालून ठेवली.

पण मी अगदीच बेजबाबदार नव्हते. मी विचार केला, ताप पिवळा आहे. माणूस पिवळं पडतं ते काविळीनं. आणि काविळीवरचा उतारा तर आपल्याकडे कधीपासून आहे! शेजारच्या खेड्यातल्या गोदामावशी मंतरलेल्या काड्यांची माळ डोक्यावर ठेवायच्या. माळ वाढत वाढत गळ्यात उतरते, कावीळ तिच्याबरोबर उतरते, अशी आमची सगळ्यांची खात्री. गेले मावशींकडे.

"मावशी, कावीळ उतरवायचीय."

मावशींनी माझे डोळे ताणून बघितले. "पिवळं तर काईच न्हाई. कवा झाली?"

"झाली न्हाई. पुढल्या महिन्यात आफ्रिकेत व्हायचीय."

"मंग तितंच उतरवा की!"

"तितं तुमच्यावानी माणूस कुटंय?"

मावशी खूश झाल्या. माळ डोक्यावर ठेवली. कावीळ नसूनही ती चार दिवसांत बेंबीपर्यंत आली! एवढ्या ताकदीची माळ असताना सुई कशाला, असं म्हणून मी ती रुमालात बांधली आणि कार्डाच्या जागी पर्समध्ये ठेवली.

निघायच्या दिवशी पाटोद्यानं आम्हाला असं वाटेला लावलं की विचारू नका. बायकांनी ओट्या भरल्या. नारळ इतके झाले की जीपमध्ये हे बसेनात. शेजारच्या शांताबाईंनी माझ्या गळ्यात पडून हुंदका दिला, "काकू, सिंहापासून संबाळून ऱ्हावा!" मी एखाद्या पुढाऱ्यासारखा हात हलवत निघाले.

पुण्यात सहलीच्या ऑफिसात पोरीनं सगळ्यांची कार्डं मागितली. मी रुमाल सोडला.

"काकू, हे काय आहे?"

"माळ. बेंबीपर्यंत आलती."

नंदानं डोक्याला हात लावला. त्या पोरीनं गोड आवाजात सांगितलं की लस निघायच्या दहा दिवस आधी लागते, त्याशिवाय नेता येणार नाही. आमचं विमान दुसऱ्या दिवशी होतं.

ह्यांनी माळेकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"सुईला भ्यालीस?"

मी मान हलवली.

"अगं, तीन बाळंतपणं केलीस की!"

"त्यात सुई न्हवती."

ह्यांनी माळ परत रुमालात बांधली. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. जाऊ माघारी. झेब्रे काय कुटं पळून चाललेत?"

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी पदरानं नाक पुसलं आणि म्हटलं, "तुमी जायचंच! एवढे नारळ घेऊन माघारी गेलो तर पाटोद्यात तोंड कसं दाखवू?"

"आन् मी एकटा गेलो तर तू तोंड कुटं दाखवणार?"

हे काही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तर हे गेले केनियाला आणि मी गेले युसूफ वडगावला, धाकट्या बहिणीच्या घरी, लपायला. चौथ्याच दिवशी दारात आवाज. पाटोद्याच्या शांताबाई! कुणाच्या तरी सोयरिकीसाठी गावात आल्या होत्या, पाणी प्यायला आमच्याच ओसरीवर टेकल्या. मी पदर हनुवटीपर्यंत ओढला.

"ह्या कोण?"

"पाव्हण्या हायेत," बहीण म्हणाली. "मुक्या. डोळे आल्यात."

मुक्या माणसापुढं जीभ फार मोकळी सुटते. शांताबाई तासभर बसल्या. "आमच्या पाटोद्याची एक काकू आफ्रिकेला गेलीय. लई मिजास! खाकी साडी नेसून गेली, जणू सिंहाला पकडायचं वॉरंट हाय. आन् बोलती किती! सिंहाचे कान किटले असतील." मी आयुष्यात कधी एवढा वेळ गप्प बसले नव्हते. बहीण स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून लोळत होती.

सहल संपल्यावर मी पुण्याला जाऊन ह्यांना गाठलं. उन्हानं काळवंडले होते, पण डोळे पोरासारखे चमकत होते. फोटोंचा गठ्ठा पुढं ठेवला. कुठं झेब्रे, कुठं जिराफ, गवतात लोळलेला सिंह, आणि दर फोटोत हे. पण दर फोटोत अगदी कडेला! कुठं खांदा कापलेला, कुठं एक कान बाहेर.

"असे कडेला कावून उभे ऱ्हायलात?"

"ड्रायव्हर फोटो काढायचा. म्या म्हनलं, मदली जागा सोड, मंडळी यायची हाय." आणि लगेच विषय बदलून झेब्र्याच्या पट्ट्यांवर गेले.

(आता हे नाहीत. गठ्ठा माझ्या कपाटात आहे.)

पाटोद्यात आल्यावर लोकांनी काशीहून आल्यासारखं मावंदं घालायला लावलं. जेवणं झाली, फोटो फिरायला लागले. मी सिंहाचं असं वर्णन केलं की दोन पोरं रडायला लागली. हे पहिल्या रांगेत बसून आ वासून ऐकत होते, आणि अधूनमधून "मग पुढं?" विचारत होते. तेवढ्यात शांताबाईंचा आवाज आला, "काकू, एकाबी फोटोत तुमी कशा न्हाईत?"

हे शांतपणे उठले, सुपारी कातरत म्हणाले, "ती कशी दिसंल? फोटो तिनंच काढलेत की!"

सगळ्यांच्या माना डोलल्या. फक्त गावातला स्टुडिओवाला, लग्नाचे फोटो काढून केस पांढरे झालेला माणूस, चष्मा वर करून एकेक फोटो तपासत होता.

"काकू," तो म्हणाला, "राग मानू नका. पण समद्या फोटोत मधी नुसतं गवत, आन् आप्पा कडंला! नवऱ्याला मधी घ्यावं एवढंबी कळालं न्हाई का तुमाला?"

मी मान खाली घातली आणि म्हटलं, "न्हाई बाबा, न्हाई कळालं."