बाबांच्या गाडीची टकटक

माझ्या धाकट्या दिराला गाड्यांचं वेड आहे असं मी सांगते, तेव्हा लोक कौतुकाने हसतात. त्यांना वाटतं, माणूस रविवारी गाडी पुसत असेल, चार चित्रं जमवत असेल. आमच्याकडचं वेड तसं नाही. मोरीतल्या बादलीत रॉकेलमध्ये भिजणारे नट, खाटेखाली चाकांच्या टोप्या आणि स्वयंपाकघरात बिस्किटांचे पत्र्याचे डबे, ज्यांत बिस्किटं सोडून बाकी सगळं. एकदा पाहुण्यांसमोर मी घाईने डबा बशीत उपडा केला, तर तीन गंजके वायसर पडले. पाहुण्यांनी चहा नुसताच घेतला.

भावजी चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. दिवसभर लोकांच्या नाकावर काय नीट बसेल ते बघायचं आणि संध्याकाळी अंगणाच्या टोकाच्या शेडमध्ये जाऊन ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालायचे. लग्न राहिलं ते राहिलंच. एकदा एका मुलीला भेटायला गेले आणि तिच्या काकांच्या गाडीचा कार्ब्युरेटर साफ करून आले. मुलगी कशी होती विचारलं तर सांगता येईना. गाडी राखाडी होती, एवढं कळलं.

त्यांच्यासारखीच एक रविवारची मंडळी आहे. एक दातांचे डॉक्टर, जे स्वतःच्या गाडीची जाळी टूथब्रशने घासतात. एक शाळेतल्या बाई, त्या फक्त गाड्यांच्या मागच्या दिव्यांचे फोटो काढतात. समोरून गाडी कितीही देखणी असो, त्यांना पर्वा नाही. एक शिंपी आहे, त्याच्याकडे कपाटभर खेळण्यातल्या गाड्या आहेत आणि एकीचंही खोकं त्याने अजून फोडलेलं नाही. ही सगळी चांगली कमावती माणसं आमच्या अंगणात डोळे मिटून बसतात आणि रस्त्यावरून जाणारी गाडी आवाजावरून ओळखतात. हरेल त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांच्या काचा पुसायच्या. भावजींनी कधी काच पुसली नाही. त्यांचे कान तयार, आणि ते तयार केले बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी.

बाबांची गाडी जुनी होती. मी या घरात आले तेव्हाच ती म्हातारी होती. तिची एक टकटक होती. शिवणयंत्र चालावं तशी, पण मधूनच एक टाका सुटल्यासारखी. भावजी सांगायचे, टॅपेटचा आवाज आहे, इंजिनच्या डोक्यावर जे लोखंडी तुकडे खालीवर होतात ते झिजलेत. मला त्या तुकड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. टकटक कोपऱ्यावर आली की मी चहाचं आधण ठेवायची, आणि ती फाटकाशी आली की गाडीतून बाबांचा हुकूम यायचा, "सुनबाई, गेट." बाबा स्वतः खाली उतरून गेट उघडतील तर शपथ. मी ओल्या हातांनी पळायची, कडी काढायची, ते ऐटीत आत यायचे, बंद करण्याआधी एकदा पाय दाबून इंजिनला मोठ्याने बोलायला लावायचे, मग गप्प करायचे. मी गेटची कडी लावेपर्यंत ते गाडीतून उतरायचे नाहीत. राजाची स्वारी होती ती. मला तेव्हा त्याचा फार राग यायचा.

पुढे बाबांचे डोळे अधू झाले आणि गाडी शेडमध्ये गेली. चालत होती, हे मी मुद्दाम सांगते. किल्ली फिरवली की चालू होत होती. पण वेड्या माणसाच्या हाती चालती गाडी देऊ नये. भावजींनी ठरवलं, बाबांची गाडी नव्यासारखी करायची. आधी नुसता मीटर काढला. मीटरच्या मागे वायरी कुजलेल्या दिसल्या, म्हणून वायरी काढल्या. वायरींसाठी गालिचा उचलला, तर खाली पत्रा गेलेला. पत्र्यासाठी सीटा निघाल्या, सीटांनंतर दारं, आणि एके दिवशी मी चहा द्यायला गेले तर लोखंडी घोड्यांवर नुसता सांगाडा आणि भिंतीशी डब्यांची रांग. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. मी म्हटलं, भावजी, हे परत जोडता येणार ना? ते म्हणाले, वहिनी, उघडता आलं म्हणजे लावताही येतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दातांच्या डॉक्टरांनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं की जगात जुन्या गाड्या अपघाताने मरत नाहीत, प्रेमाने मरतात. आणि एवढं सांगून ते भावजींना एक पाना द्यायला गेले.

मग बाबा आजारी पडले. पडले ते उठलेच नाहीत. आमचे हे फिरतीच्या नोकरीत, येतात-जातात, म्हणून बाबांचं सगळं माझ्याकडे आणि भावजींकडे. बाबांची खोली अंगणाच्या बाजूची. डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हतं, पण कान शाबूत. रोज सकाळी भावजी त्यांचं तोंड पुसायला जात आणि बाबा विचारत, "झाली का गाडी?"

भावजी म्हणायचे, रंगाऱ्याकडे आहे बाबा, होतेय.

खोटं एकदा बोललं की त्याला रोज खायला घालावं लागतं. रंग वाळतोय. दुसरा हात मारायचाय. रंगाऱ्याची बायको माहेरी गेलीय; हे ऐकून तर मीच तोंडात पदर कोंबला. बाबा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, झाली की मला एक चक्कर मारून आण, मग मी मोकळा. डॉक्टरांनी, म्हणजे खऱ्या डॉक्टरांनी, आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की आता त्यांना हलवू नका आणि फार पुढचं काही ठरवू नका.

त्या दिवशी भावजी दुकानात गेलेच नाहीत. शेडमध्ये सांगाड्यापुढे उभे राहिले. तळाला पत्रा नाही, दारं भिंतीला टेकलेली, चाकं नाहीत. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, वहिनी, मी बापाची गाडी मारली. चालती गाडी होती हो. खरंच होतं ते. मी त्यांच्या हातातला पाना काढून घेतला आणि विचारलं, यातलं काय पुरं झालंय? ते म्हणाले, इंजिन. तेवढं एक पुरं झालंय.

मग इंजिनच चालू करा म्हटलं. बाबांना दिसत नाही, ऐकू तर येतं.

रविवारची मंडळी त्या आठवड्यात सोमवारीच हजर झाली. इंजिन लोखंडी घोडीवर चढवलं, पुढे रेडिएटर बांधला, शेजारी बॅटरी, खुंटीला पेट्रोलचा डबा टांगला. शाळेतल्या बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा मागच्या दिव्याखेरीज कशाला तरी हात लावला. त्या रेडिएटरमध्ये पाणी ओतत होत्या. मी बाबांच्या खोलीची खिडकी सताड उघडली आणि सांगितलं, बाबा, गाडी आली बरं का.

इंजिन लागलं. अंगणात टाळ्या पडल्या. इतकं मऊ, इतकं एकसारखं, की दातांच्या डॉक्टरांनी वरच्या झाकणावर पेला ठेवून दाखवला, पाणी हलेना. भावजी शेडच्या दारातून माझ्याकडे बघत होते.

बाबा बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "कुणाची गाडी आहे?"

"आपलीच, बाबा."

"आपली नाही. आपली मला माहीत नाही का?" ते म्हणाले, "विकलीत ना? सरळ सांगायचं होतंत."

मी शपथा घेतल्या. भावजी धावत आले, त्यांनी शपथा घेतल्या. त्यांना काय सुचलं देव जाणे, शेडमध्ये जाऊन गाडीचं स्टिअरिंग घेऊन आले आणि बाबांच्या छातीवर ठेवलं. बघा बाबा, तुमच्या अंगठ्याने झिजलेली जागा. बाबांनी अंगठा त्या खाचेत बरोबर नेऊन ठेवला. क्षणभर मला वाटलं, सुटलो. पण बाबांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "म्हणजे सुटी करून विकलीत."

त्यानंतर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी तोंड पुसायला गेले, तर गाडी झाली का हे विचारलंच नाही. रोजच्या त्या प्रश्नाने जीव नकोसा झाला होता, आणि तो आला नाही तेव्हा कळलं की यापेक्षा तो बरा होता. बाबांनी दूध घेतलं नाही. पाणी चमच्याने घेतलं, तेही माझ्या हातून. पोराच्या हाताला तोंडच उघडेनात. आपली पोरं आपल्याला फसवतात असं मनात धरून हा माणूस जाणार, आणि ते खोटं आहे हे त्याला पटवायला आमच्यापाशी काहीच उरलं नाही, या विचाराने मला जेवण जाईना.

भावजी शेडच्या उंबऱ्यावर बसून होते. मी जाऊन म्हटलं, अहो, तुम्ही डोळे मिटून जगाच्या गाड्या ओळखता. बाबा काय म्हणतात ते ओळखा की. ती टकटक कुठे गेली?

ते म्हणाले, "टकटक मीच काढली ना. इंजिन उघडल्यावर सगळ्यात आधी तीच काढली."

आणि मग ते उठले आणि डबे उपसायला लागले. झिजलेला दांडा, त्यावरचे ते खालीवर होणारे झिजलेले तुकडे, सगळं त्यांनी ठेवलं होतं. या मंडळींना मोडकं टाकवत नाही, यावरून मी किती वर्षं कटकट केली. पण डब्यांवरच्या चिठ्ठ्या ओलीने पुसल्या होत्या. शेवटी ते सापडलं माझ्याच स्वयंपाकघरात, खालच्या फळीवर, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. दातांचे डॉक्टर मदतीला आले होते, त्यांनी नवा दांडा निघताना बघितला आणि त्यांना राहवेना.

"हे म्हणजे बसवलेला दात उपटून जागेवर कीड भरणं झालं."

"भरा," भावजी म्हणाले. "लवकर भरा, डॉक्टर."

झिजलेले भाग बसले. इंजिन सुरू झालं. टकटक होती, पण ती नव्हती. भावजी झाकण उघडून त्या तुकड्यांखालची फट कमीजास्त करत, परत सुरू करत. मग हातातला पाना खाली ठेवून त्यांनी मला हाक मारली. चेहरा असा झालेला की बघवेना.

"वहिनी, मला आठवत नाही. मी तो आवाज कधी ऐकलाच नाही नीट. माझ्या कानाला तो बिघाड होता."

आता यांचे कान तयार, आणि बापाची गाडी कशी वाजायची ते ठाऊक असणार कोणाला, तर आधण ठेवणाऱ्या सुनेला. मी बाबांच्या खिडकीत जाऊन उभी राहिले. तिथून ओरडून सांगत राहिले. अजून सैल. अजून. छे, आता भांडी पडल्यासारखं होतंय. सगळे नको, एकच सैल करा, मागचा. बाबा माझ्या पाठीमागे भिंतीकडे तोंड करून पडलेले. त्यांचा श्वास ऐकू येत होता आणि दोन श्वासांमधलं अंतर वाढलेलं मला कळत होतं. मनात म्हणत होते, थांबा हो, जरा थांबा, एवढी वर्षं मला पळवलंत, आज तुम्ही थांबा. भावजींच्या हातून पाना दोनदा निसटून पडला. दातांचे डॉक्टर इंजिनवर विजेरी धरून बसले होते.

पुन्हा सुरू झालं. मी ऐकलं. भानावर आले तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, गॅस पेटवलेला होता आणि पातेल्यात पाणी होतं. अंगणातून भावजी जीव तोडून विचारत होते, बरोबर आहे का, वहिनी, बरोबर आहे का?

तेवढ्यात बाबांच्या खोलीतून हाक आली. आवाज इतका बारीक की टकटकीच्या मधल्या जागेत मावला.

"सुनबाई, गेट."

मी हात पुसले नाहीत. तशीच पळाले. शेडवरून जाताना भावजींना हाताने खूण केली, बंद करू नका. कडी काढली आणि गेटची दोन्ही दारं उघडून धरून उभी राहिले. रस्त्यावर काहीच नव्हतं. एक बाई पिशव्या घेऊन चालल्या होत्या. इंजिनचा आवाज ऐकून, गाडी येणार असं समजून त्या बाजूला थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, पण त्या हलल्या नाहीत.

फाटकातून आत यायला गाडीला लागायचा तेवढा वेळ मी जाऊ दिला. मग भावजींकडे बघून मान हलवली. त्यांनी बाबांसारखं एकदा इंजिनला मोठ्याने बोलायला लावलं आणि गप्प केलं. मी गेट लोटलं आणि कडी लावली, बाबांना खोलीत ऐकू जाईल इतक्या जोराने.